लाल जाकीट आणि "सिस्टर, जरा बघा ना"

सकाळी आठचा औषधांचा राउंड सुरू झाला की इथे आम्ही युनिफॉर्मवर लाल, बिनबाह्यांचं जाकीट चढवतो, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की औषधं देणं चालू आहे, डिस्टर्ब करू नका. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला नवीन आले तेव्हा मला ते फार उद्धट वाटलं होतं, पेशंटने सिस्टरला हाक मारायची पण चोरी की काय, कारण सांगलीतली वॉर्डातली चार वर्षं "सिस्टर जरा बघा ना, सलाईन संपलंय" हेच ऐकत गेली आणि एका हातात सिरिंज धरून दुसऱ्या हाताने सलाईन बंद करता येणं यालाच आम्ही हुशारी समजायचो.

मत बदललं ते इथल्या एका आजींमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पॅरासिटामॉल १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या. त्या दिवशी जाकीट घालायचा कंटाळा केला होता. दोन गोळ्या कपात टाकल्या, तेवढ्यात शेजारच्या बेडवाल्यांच्या मुलीने विचारलं पाणी कुठे मिळेल, मी मान वळवून "तिकडे कोपऱ्यात" एवढंच बोलले, परत वळले आणि अजून दोन टाकल्या! आजींनी कप घेतला, बोटाने गोळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "लव्ह, रोज तर दोनच असतात ना?" माझे हातपाय गार पडले.

नंतर याविषयी वाचलं. २०१४ साली अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, ३०० लोकांना कॉम्प्युटरवर ठरलेल्या क्रमाने काही स्टेप्स करायला दिल्या आणि मधेच दोन-चार अक्षरं टाईप करायला लावली, तर सरासरी २.८ सेकंदांच्या अडथळ्याने क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या आणि ४.४ सेकंदांच्या अडथळ्याने तिप्पट. म्हणजे माझं "तिकडे कोपऱ्यात" तेवढंच की! काम येत असतं हो, फक्त आपण कुठल्या पायरीवर होतो तेच डोक्यातून निसटतं, मग एखादी पायरी गाळली जाते नाहीतर दोनदा होते. सिडनीत दोन हॉस्पिटलमधल्या ९८ नर्सेसच्या मागे उभं राहून केलेला २०१० चा अभ्यास आहे, त्यात एकेका व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

जाकीट घातलं म्हणून सगळे गप्प बसतात असं नाही, आणि कोणाला खरंच त्रास होत असेल तर हाक मारलीच पाहिजे. पण आता मधे उठावं लागलं की परत आल्यावर मी पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्यापासून, नाव, जन्मतारीख, सगळं पहिल्यापासून सुरू करते आणि गोळ्या त्या आजींसारख्या बोटाने मोजते.

मागच्या दिवाळीत बाबा मिरजेला ॲडमिट होते. सलाईन संपत आलेलं, सिस्टर पलीकडच्या बेडपाशी इंजेक्शन भरत होती, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं "सिस्टर, जरा". थांबले. तिने भरून झाल्यावर बाटलीवरचं नाव परत एकदा वाचलं, इंजेक्शन दिलं, ट्रे खाली ठेवला, मग मी तिला सांगितलं.