पांढरा रंग आधी पाहा: कन्सोल आणि टीव्ही यांच्यामधल्या केबलची तपासणी

सध्या दोन जोडण्यांवर काम चालू आहे. पहिली प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलची असून ती कंपोनंट केबलने (चित्र तीन वेगळ्या तारांतून नेणाऱ्या केबलने) जुन्या सपाट पडद्याच्या टीव्हीला जोडलेली आहे. दुसरी प्लेस्टेशन ५ ची असून ती एचडीएमआय केबलने १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे, दाखवू शकणाऱ्या ४के टीव्हीला जोडलेली आहे. पहिल्या जोडणीतले रंग आता ठीक झाले आहेत, मात्र मूळ प्लेस्टेशनच्या डिस्क लावल्या की पडदा काळाच राहतो. दुसरी जोडणी ४के ६० हर्ट्झवर निर्दोष चालत होती, पण १२० हर्ट्झवर नेली की चित्र अधूनमधून क्षणभर नाहीसे होऊन परत येत होते.

अशा वेळी बहुतेक जण सर्वप्रथम केबल बदलतात. त्याला माझी हरकत एवढीच आहे की नवी केबल चालली तरी जुनी का चालत नव्हती हे कळत नाही, आणि नवीही चालली नाही तर दोन केबलींवर संशय घेऊन बसावे लागते. त्यामुळे या वेळी मी क्रम उलटा ठेवला: चित्र नेमके कसे बिघडते ते आधी पाहायचे, मग कन्सोलकडून मागितले जाणारे काम कमी करत जायचे, आणि केबलला हात सर्वांत शेवटी लावायचा.

कंपोनंट जोडणीत हा क्रम फार उपयोगी पडतो, कारण तिथे प्रत्येक दोष पडद्यावर वेगळा दिसतो. चित्रासाठीचे तीन प्लग हिरवे, निळे आणि लाल असल्यामुळे त्यांतून तेच तीन रंग जात असावेत असे वाटते. प्रत्यक्षात हिरव्या प्लगमधून चित्राचा उजेड आणि त्याच्यासोबत सिंक (चित्राची प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते टीव्हीला सांगणारी खूण) जातो, निळ्यातून निळा रंग आणि उजेड यांच्यातला फरक जातो, तर लालमधून लाल रंग आणि उजेड यांच्यातला फरक जातो. पांढऱ्या आणि करड्या रंगांत हे दोन्ही फरक शून्य असतात, म्हणून त्या छटा संपूर्णपणे हिरव्या प्लगच्या तारेतूनच येतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की बहुतेक निदान केबल न हलवता, बसल्या जागी करता येते.

हिरव्या प्लगची तार तुटली तर सिंकच पोहोचत नाही आणि टीव्ही सिग्नल नाही असे सांगतो. लाल प्लगची तार तुटली तर पांढरा पांढराच राहतो, निळाही बऱ्यापैकी टिकतो, पण लाल रंग मळकट पिवळसर होतो आणि पात्रांच्या चेहऱ्यांवर आजारी, हिरवट छटा येते. निळ्या प्लगची तार तुटली तर पिवळा रंग उडतो आणि आकाश निळे न दिसता मोरपिशीकडे झुकते. निळा आणि लाल प्लग एकमेकांच्या जागी लागले असतील तर आकाश लालसर आणि आग निळसर दिसते. या सर्व प्रकारांत पांढरा मात्र बिघडत नाही. पांढराच रंगीत दिसू लागला, तर दोष तुटलेल्या तारेत शोधत बसू नये; तिथे कन्सोल एका पद्धतीने रंग पाठवत असतो आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचत असतो. प्लेस्टेशन २ च्या सिस्टिम सेटिंगमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट या नोंदीखाली आरजीबी (लाल, हिरवा, निळा हे रंग थेट) आणि वाय-सीबी-सीआर (उजेड आणि वर सांगितलेले दोन फरक) असे दोन पर्याय आहेत. कंपोनंट केबल लावून आरजीबी निवडलेले असेल आणि टीव्हीला सिंक मिळत असेल, तर पांढऱ्या भागातले निळे आणि लाल सिग्नल टीव्ही फरक म्हणून वाचतो व पांढरा गुलाबी-जांभळा होतो. याच्या उलट, आरजीबी स्कार्ट केबल (युरोपातल्या टीव्हींवरच्या अनेक पिनांच्या जोडणीची) लावून वाय-सीबी-सीआर निवडले तर सगळे चित्र हिरवे पडते, कारण उजेडाचा सिग्नल हिरव्या रंगाच्या पिनवर जातो आणि उरलेल्या दोन पिनांवर पांढऱ्यासाठी काहीच येत नाही.

माझ्याकडे पांढरा गुलाबी दिसत होता, म्हणून केबल जागेवरच ठेवून सेटिंग बदलले आणि रंग सुधारले. अशा वेळी मेन्यू वाचता येत नसेल तर पिवळ्या प्लगची साधी कंपोझिट केबल (सगळे चित्र एकाच तारेतून नेणारी) लावावी. तिच्यावर या सेटिंगचा परिणाम होत नाही, त्यामुळे मेन्यू स्पष्ट दिसतो, आणि पर्याय बदलून झाल्यावर पुन्हा कंपोनंट केबल जोडता येते. केवळ या कारणासाठी जुनी कंपोझिट केबल फेकून देऊ नये असे माझे मत आहे. मूळ प्लेस्टेशनपासून प्लेस्टेशन ३ पर्यंत ॲनालॉग चित्रासाठी एकच मल्टी-आउट जोडणी असल्याने यांपैकी कोणत्याही कन्सोलची कंपोझिट केबल इथे चालते.

चित्र पूर्ण कृष्णधवल दिसत असेल तर टीव्हीची मागची बाजू पाहावी. अनेक टीव्हींमध्ये कंपोनंटचा हिरवा जॅक आणि कंपोझिटचा पिवळा जॅक एकच असतो. टीव्हीचा इनपुट कंपोझिटवर राहिला, तर त्या जॅकमधला उजेड आणि सिंक एवढेच वाचले जातात आणि स्वच्छ पण रंगहीन चित्र मिळते. त्यात केबलचा काही दोष नसतो. इनपुट बदलला की रंग येतात. कंपोझिट केबलवर मात्र कृष्णधवल चित्राचा अर्थ निराळा असू शकतो: एनटीएससी आणि पाल या वेगवेगळ्या प्रदेशांतल्या टीव्ही पद्धती असून एनटीएससीचा रंगवाहक, म्हणजे रंगाची माहिती वाहणारी लहर, ३.५८ मेगाहर्ट्झवर आणि पालचा ४.४३ मेगाहर्ट्झवर असल्यामुळे दुसऱ्या प्रदेशातला कन्सोल असेल तर टीव्ही उजेड दाखवतो पण रंग ओळखत नाही. कंपोनंटमध्ये असा रंगवाहकच नसल्यामुळे ही अडचण तिथे येत नाही. आणखी एक बारीक बाब म्हणजे या केबलला लाल प्लग दोन असतात, एक चित्राचा आणि एक उजव्या आवाजाचा. चित्राचा लाल प्लग आवाजाच्या जॅकमध्ये गेला तर स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते आणि चित्रातला लाल रंग जातो. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की वेगळी परीक्षा करण्याची गरज उरत नाही.

केबलची खुद्द तपासणी मल्टिमीटरने केली. प्रत्येक प्लगची मधली पिन कन्सोलच्या बाजूच्या संबंधित पिनेपर्यंत जोडलेली आहे का, बाहेरचे कडे जमिनीच्या तारेपर्यंत पोहोचते का आणि मधली पिन व कडे एकमेकांना कुठे चिकटलेली नाहीत ना, एवढे पाहावे. पाहताना प्लगजवळचा भाग हलकेच वाकवत राहावे, कारण तार बहुधा तिथेच तुटते. मात्र मल्टिमीटरच्या होकारावर फार विसंबू नये. व्हिडिओची तार ७५ ओहमची आणि स्वतंत्र शील्ड असलेली हवी, आणि हे दोन्ही गुण त्या मोजणीत कळत नाहीत. तीन बारीक तारा शील्डशिवाय एकाच आवरणात कोंबलेली केबलही सगळ्या मोजण्यांत उत्तीर्ण होते आणि पडद्यावर मात्र सावल्या आणि तिरप्या रेषा आणते. पडद्यावरून आडवे पट्टे सावकाश सरकत असतील तर ते बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहामुळे) असते. टीव्हीला जोडलेली इतर उपकरणे एकेक करून काढली की त्याचा उगम सापडतो.

मूळ प्लेस्टेशनच्या डिस्कचा काळा पडदा अजून शिल्लक आहे, आणि त्यात केबल निर्दोष आहे याबद्दल माझी खात्री झाली आहे. त्या पिढीतले बहुतेक गेम २४०पी, म्हणजे २४० ओळींचे, चित्र पाठवतात. त्याच्या ओळींचा वेग ४८०आय (एकाआड एक रचलेल्या ४८० ओळींच्या चित्रा) इतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७०० असतो, पण ओळी एकाआड एक रचल्या जात नाहीत, आणि प्रसारणाच्या मानकांत असे चित्र नव्हतेच. अनेक डिजिटल टीव्ही कंपोझिट इनपुटवर हे चित्र चालवून घेतात आणि कंपोनंट इनपुटवर मात्र नाकारतात. म्हणूनच मेन्यू व्यवस्थित दिसतो, प्लेस्टेशन २ चे गेम दिसतात आणि मूळ प्लेस्टेशनचा गेम सुरू होताच चित्र जाते. उपाय दोन आहेत: त्या डिस्कपुरती कंपोझिट केबल लावणे, किंवा मध्ये ओळी दुप्पट करणारे उपकरण ठेवणे. अशा उपकरणांपैकी ओएसएससी कंपोनंट आणि आरजीबी स्वीकारते पण कंपोझिट घेत नाही, रेट्रोटिंक २एक्स मात्र कंपोझिटही घेते. खरेदीपूर्वी हा फरक पाहणे महत्त्वाचे आहे.

एचडीएमआयकडे वळल्यावर पांढऱ्या रंगाची ही कसोटी निरुपयोगी ठरते, कारण डिजिटल केबल चित्राला रंगछटा देत नाही. काळा भाग राखाडी किंवा अतिगडद दिसत असेल तर तो आरजीबी रेंजचा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या मर्यादेचा) बेबनाव असतो: एक टोक ० ते २५५ धरून चालते आणि दुसरे १६ ते २३५. जादा दराची केबल आणून रंग अधिक खुलतील अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. केबल कमी पडते तेव्हा त्याची चिन्हे वेगळी असतात, आणि ती सिग्नल कोणत्या पद्धतीने जातो त्यावर ठरतात. ४के ६० हर्ट्झपर्यंत सिग्नल साधारणपणे जुन्या टीएमडीएस पद्धतीने जातो. तिची कमाल मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट असून चित्रातल्या चुका दुरुस्त करण्याची सोय तिच्यात नाही, म्हणून केबल कमकुवत असली की पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकू लागतात. २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ मधील एफआरएल पद्धतीत चार मार्गिका असून कमाल वेग ४८ गिगाबिट आहे, आणि तीत चूक-दुरुस्तीची व्यवस्था आहे. त्यामुळे लहानसहान चुका दिसतच नाहीत. त्या दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्रच तुटते आणि दोन्ही टोके नव्याने जुळवून घेतात. माझ्याकडे १२० हर्ट्झवर ठिपके मुळीच नव्हते आणि क्षणिक काळा पडदा होता, ते या वर्णनाशी तंतोतंत जुळते.

येथे मागणी कमी करण्याची परीक्षा फार सोपी आहे. प्लेस्टेशन ५ च्या व्हिडिओ आउटपुट सेटिंगमध्ये ४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट नावाची नोंद आहे. तिथे ऑटोमॅटिकऐवजी उणे १ किंवा उणे २ निवडले की रंगाचा तपशील कमी करून तारेवरचा भार हलका केला जातो. उणे २ वर काळा पडदा येणे थांबले, ऑटोमॅटिकवर पुन्हा सुरू झाले. दोन्ही वेळी कन्सोल, टीव्ही आणि पोर्ट तेच असल्याने संशय मार्गाच्या क्षमतेवर येतो. त्यानंतरही केबल लगेच बदलली नाही, कारण मार्गात एव्ही रिसीव्हर (आवाज स्पीकरना देऊन चित्र टीव्हीकडे पाठवणारे उपकरण) होता. तो काढून कन्सोल थेट टीव्हीला जोडल्यावरही तक्रार तशीच राहिली, तेव्हा रिसीव्हर सुटला. टीव्हीवर १२० हर्ट्झ घेणारे पोर्ट मोजकेच असतात आणि अनेकदा त्या पोर्टसाठी वाढीव सिग्नलचे सेटिंग वेगळे सुरू करावे लागते. तेही तपासले, ते सुरूच होते. या टप्प्यावर केबल बदलणे रास्त होते. अल्ट्रा हाय स्पीड प्रमाणपत्राचे लेबल असलेली आखूड केबल लावली आणि ऑटोमॅटिकवरही चित्र टिकले. जुनी केबल बरीच लांब होती, आणि या वेगाला लांबी फार महाग पडते. लांब अंतर अपरिहार्य असेल तर ऑप्टिकल केबल घ्यावी, पण तिला दिशा असते. कन्सोलचे टोक टीव्हीला लावले तर चित्र येतच नाही.

चित्र अजिबातच येत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. १९ पिनांपैकी १८ व्या पिनेवरून कन्सोल ५ व्होल्ट देतो, १९ व्या पिनेवरून टीव्ही आपण जोडले गेल्याचे कळवतो आणि १५ व १६ या पिनांवरून कन्सोल टीव्हीची क्षमता वाचतो व एचडीसीपीची (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची) बोलणी करतो. या संथ तारांपैकी एखादी बिघडली तर वेगवान तारा कितीही चांगल्या असून उपयोग नसतो. पोर्टमध्ये टॉर्च मारून भिंगातून वाकलेल्या पिना पाहाव्यात, आणि जड केबल पोर्टवर लोंबकळत ठेवू नये. चुकीचे रिझोल्यूशन निवडले गेले असेल तर प्लेस्टेशन ४ आणि ५ बंद करून पॉवर बटण सुमारे ७ सेकंद, दुसरा बीप ऐकू येईपर्यंत दाबून सेफ मोडमध्ये जाता येते. कंट्रोलर तेव्हा यूएसबी तारेने जोडावा लागतो. प्लेस्टेशन ३ मध्ये बंद स्थितीतून बटण दुसऱ्या बीपपर्यंत दाबले की व्हिडिओ आउटपुट मूळ स्थितीला येतो, तर एक्सबॉक्स ३६० सुरू करताना वाय बटण आणि उजवा ट्रिगर दाबून ठेवावा लागतो.

व्हीआरआर (चित्राचा वेग गेमनुसार बदलणारे) आणि एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त व्याप्ती देणारे) दोन्ही सुरू ठेवून आखूड केबलची दीर्घ चाचणी अजून व्हायची आहे. रिसीव्हर मार्गाबाहेर ठेवून आवाज टीव्हीकडून ई-आर्कने, म्हणजे एचडीएमआय केबलवरूनच, रिसीव्हरकडे परत न्यायचा, अशी मांडणी तूर्त ठरवली आहे, आणि लांब केबल ६० हर्ट्झच्या कामासाठी आणखी एका कन्सोलला लावली आहे, जिथे ती ठिपक्यांशिवाय चालते.