सायबिणीचे फेस्त आणि शाळेचे स्नेहसंमेलन

गोव्यातल्या म्हापशात वाढलेल्या माणसाच्या मनात वर्षाचे दोन टप्पे पक्के असतात: पौष पौर्णिमेची बोडगेश्वराची जत्रा आणि ईस्टरचा रविवार धरून सोळाव्या दिवशी, सोमवारी येणारे मिलाग्रीस सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, फेस्त (चर्चचा उत्सव). चर्चच्या शाळेत शिकलेल्या आम्हां मुलांना त्यात तिसरा टप्पा जोडावा लागतो, तो शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा. फेस्त आणि संमेलन ही आमच्या लेखी एकाच घरची दोन कार्ये होती, कारण दोन्हीकडे राबणारी माणसे तीच असत.

सायबीण जिथे आहे ते सेंट जेरोमचे चर्च 1594 मधले. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई या बहिणींपैकीच एक, मिराबाई, म्हणजे मिलाग्रीस, अशी आमच्याकडची लोकश्रद्धा आहे. त्यामुळे फेस्ताच्या दिवशी तेलाची बाटली आणि मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांमध्ये कपाळावर कुंकू असलेल्या कितीतरी दिसत, आणि माझी आई त्यांतलीच एक होती. तिचा नवस कधी कोणी अडवला नाही, की तू कोण म्हणून विचारले नाही. वरच्या वर्गांतील मुलांकडे रांगेतल्या भाविकांना पाणी देण्याचे आणि म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या चढवण्याचे काम असे. ते आटोपले की आम्ही फेरीत, म्हणजे फेस्ताच्या बाजारात, शिरायचो आणि खाजे ही मिठाई घेऊनच घरी परतायचो.

शाळेत ख्रिस्ती मुलांचा दोत्रीनचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास असे, तेव्हा आम्हां बाकीच्यांना नीतिशिक्षणाच्या तासाला बसवत. ही व्यवस्था इतक्या सहजपणे चाले की तिच्यामागे किती विचारपूर्वक जपलेला आदर आहे, हे मला फार उशिरा उमगले.

संमेलनाची खरी गंमत मात्र तालमींत होती. आमचे मराठीचे गुरुजी दरवर्षी एक नाट्यप्रवेश बसवीत आणि त्यातली पदे स्वतः पेटीवर शिकवीत. चर्चमधल्या गायकवृंदाचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, व्हायोलिनवर साथीला येत. मेस्तांना कागदावरच्या स्वरलिपीशिवाय चैन पडत नसे, तर गुरुजींची सारी विद्या कानावर आलेली. मग संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गुरुजींनी एक ओळ म्हणायची, मेस्तांनी ती पाच रेघांवर उतरवून घ्यायची, मुरकी कागदावर कशी मांडावी यावर दोघांनी कितीतरी वेळ घालवायचा आणि आम्ही मुलांनी भान हरपून ऐकत बसायचे, असा क्रम कित्येक दिवस चाले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या मुलांना सूर-ताल शिकवला आणि इथल्या वादकांनी मुंबईच्या वाद्यवृंदांत नाव काढले. त्या परंपरेतला एक माणूस आमच्या मराठी पदासाठी आपली संध्याकाळ देत होता, याचा मला आजही अभिमान वाटतो. प्रयोगाच्या रात्री नांदीला उभ्या राहिलेल्या मुलांत निम्मी मुले ख्रिस्ती असत आणि त्यांचे मराठी उच्चार गुरुजींनी जिद्दीने घासूनपुसून घेतलेले असत. नाताळच्या गाण्यांना आम्हीही तसेच मन लावून उभे राहायचो.

पहिल्या रांगेत फादर विगार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू), नगरसेवक, शिक्षक-पालक मंडळाचे लोक बसत. त्यांच्या मागच्या रांगेत, बहुतेकांच्या लक्षातही येत नसे अशा साधेपणाने, सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची आमच्या चर्चमधली काही मंडळी असत. ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. घरोघरी जाऊन अडलेल्या कुटुंबाची विचारपूस करणे ही तिची कामाची पद्धत. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अचानक गेले, तेव्हा त्याच्या घरी तांदूळ आणि त्याच्या पुस्तकांचे पैसे याच लोकांनी पोचवले. तो मुलगा हिंदू होता. त्याच वर्षी संमेलनात त्याने बक्षीस घेतले, तेव्हा मागच्या रांगेतल्या टाळ्या सर्वांत जास्त वेळ वाजत राहिल्या.

मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) होणाऱ्या लदीनचा, म्हणजे सामूहिक प्रार्थनेचाही, उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत, आणि तो वाटा घेण्यासाठी साऱ्या वाड्यातली मुले तिथे जमत.

आता आम्ही माजी विद्यार्थी दर जानेवारीत त्याच हॉलमध्ये भेटतो. म्हापशात मोलमजुरीसाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुले आज आमच्या शाळेत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरी कन्नड बोलतात, शाळेत त्यांना कोकणी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकदम शिकाव्या लागतात. चर्चने त्यांच्यासाठी संध्याकाळची शिकवणी सुरू केली आहे आणि आमच्यातले काहीजण तिथे गणित शिकवायला जातात. येत्या संमेलनात या मुलांचे एक कन्नड गाणे बसवावे, अशी सूचना मी मांडली आहे आणि पेटीच्या साथीची जबाबदारी माझ्याकडे घेतली आहे.