आमची वाटचाल : लेख लिहून देण्याचा धंदा, दांडिया बाजार, बडोदे

‘लेख लिहून देतो’ म्हटलं की दांडिया बाजारातली माणसं अजूनही विचारतात, ‘म्हणजे कोर्टाचे अर्ज का?’ न्यायमंदिरात कोर्ट होतं तेव्हा बाहेर टाइपरायटर मांडून बसणाऱ्यांची सवय झालीय लोकांना. तर नाही. आम्ही धंद्याचे लेख लिहितो. पंपवाला असो, फरसाणवाला असो, दातांचा डॉक्टर असो, त्याच्या गिऱ्हाइकाला वाचावासा वाटेल असा मजकूर आम्ही करून देतो आणि त्या मजकुरामुळे त्याच्याकडे चौकशी येते. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्हींत. बडोद्यात आमच्याआधी हे काम कोणी मांडलं असेल तर त्याने पुढे यावं.

मूळ धंदा वडिलांचा, छापखान्याचा. ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या पावत्या आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांची माहितीपत्रकं. आमच्याकडे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला एक काका होते. उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये अंगठ्याने दाबून धरायचा, स्टिक भरली की ओळी गॅली नावाच्या ट्रेमध्ये सरकवायच्या. देवनागरीच्या केसला खण किती असतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. जोडाक्षरांनी आणि मात्रांनी भिंत भरून जायची. कोणी शेठ मजकुरात ‘सर्वोत्कृष्ट’ लिहून आणला की काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, ‘याला खिळे फार लागतात हो, आणि माल तर काही कळत नाही.’ लेखनाचं माझं शिक्षण तेवढंच. पुढे संगणकावर पानं जुळवणारा पेजमेकर आला, खिळे भंगारात वजनावर गेले आणि ‘सर्वोत्कृष्ट’ लिहायला काहीच खर्च पडेनासा झाला. तेव्हापासून जाहिरातीचा मजकूर बिघडला तो बिघडलाच.

फर्म सुरू केली ती लाभपाचमेच्या मुहूर्तावर, शाळेतल्या एका मित्राच्या भागीदारीत. त्याचं इंग्रजी फक्कड, माझं प्रूफ पक्कं. ऑर्कुटचा जमाना होता. पहिलं गिऱ्हाईक मकरपुरा जीआयडीसीतले व्हॉल्व्हवाले शेठ. वडिलांच्या वेळचे, कलाभवनात शिकलेले. वयस्कर मंडळी आजही युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीला कलाभवनच म्हणतात. शेठ स्वतःच एक लेख लिहून घेऊन आले. सुरुवात अशी : ‘गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा यांचा त्रिवेणी संगम म्हणजे आमची कंपनी.’ पुढे दोन पानं कंपनी कधी स्थापन झाली, शेडचं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, संस्थापकांचे संस्कार कसे होते.

आम्ही विचारलं, ‘शेठ, लोक फोन करतात ते कशासाठी?’

तर त्यांनी ड्रॉवरमधून तक्रारीची वही काढली. लाल कापडी पाठीचा लांबट चोपडा. तारीख, पार्टी, साइझ आणि तक्रार. ‘गळतो’, ‘पूर्ण बंद होत नाही’, ‘थरथरतो’. मी त्यांच्या फोरमनला घेऊन बसलो आणि पानं उलटत गेलो. बहुतेक तक्रारी गेट व्हॉल्व्हच्या. फोरमन म्हणाला, माल चोख आहे, लोक वापरतात चुकीचा. गेट व्हॉल्व्ह असतो पूर्ण उघडायला नाहीतर पूर्ण बंद करायला. प्लँटवाले तो अर्धा उघडा ठेवून प्रवाह कमीजास्त करतात. मग पाणी आतल्या, वाट अडवणाऱ्या पाचरीच्या खालच्या कडेवर आपटत राहतं, पाचर थरथरते, ती जिथे टेकते ती सीट झिजते आणि पुढे कितीही पिळला तरी थेंब थांबत नाही. प्रवाह कमीजास्त करायचा असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह लावायचा. त्यांच्या धंद्यातल्या पोराला हे ठाऊक असतं, पण खरेदी करणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

त्यावर लेख केला, शीर्षक ‘गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवता? मग गळणारच.’ एक आकृती, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठे लावायचा याचं एक कोष्टक. ‘उच्च दर्जा’ हा शब्द कुठेही घातला नाही. त्याऐवजी लिहिलं की प्रत्येक व्हॉल्व्हची बॉडी तिच्या ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाबावर पाण्याने तपासून मगच ती बाहेर जाते, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर मिळतं. कंपनीचं नाव शेवटच्या दोन ओळींत. शेठ भडकले. ‘मारुं नाम क्यां छे?’ असं अख्ख्या ऑफिससमोर. महिनाभराने त्यांचाच फोन : एका प्लँटवाल्यांनी ते पान कापून पंपरूमच्या भिंतीवर चिकटवलंय आणि ग्लोब व्हॉल्व्हचं कोटेशन मागितलंय. तेव्हापासून शेठनी आमच्या मजकुराला हात लावला नाही, फक्त आकडे तपासले.

आता इथे थांबून सांगतोच, कोणी विचारलेलं नसलं तरी. संस्थापकाचा फोटो आणि उद्घाटनाची हकिकत ही लेखाची जागा नव्हे, ती दिवाळीच्या शुभेच्छापत्रात घाला. एका लेखात एकच प्रश्न घ्या. ‘आमची सर्व उत्पादने’ असा लेख कोणी वाचत नाही, घरचे सुद्धा. आणि लिहून झाला की मालकाआधी फोरमनला वाचायला द्या. मालक विशेषणं वाढवतो, फोरमन चूक काढतो.

यानंतर आला परदेशी कामाचा काळ. अमेरिकेत तेव्हा लेखांच्या डिरेक्टऱ्या होत्या. इझिनआर्टिकल्स त्यांतली मोठी, १९९९ मध्ये निघालेली. तिथे लेख फुकट द्यायचा, खाली लेखकाच्या चौकटीत धंद्याच्या साइटची लिंक टाकायची. लिंका जितक्या जास्त तितकं गूगलमध्ये वर, असा हिशोब. आमच्याकडे एका अमेरिकन मध्यस्थाकडून काम यायला लागलं : छपराची गळती, गालिचे धुणं, कुत्र्यांचं खाणं. आम्ही ते हाताने लिहीत होतो. छपराचा लेख असेल तर माझा भागीदार आधी वाचायचा की तिकडे कौलं कसली असतात, बर्फ पडल्यावर काय होतं. डॉलर येत होते, कामाला पोरं वाढवली, जिन्याच्या वरचा गाळाही घेतला.

आणि शहरातच, अलकापुरीत, आमच्या प्रतिस्पर्ध्याचं दुकान उघडलं. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, एसी, रिसेप्शनला मुलगी. आमचीच दोन तयार पोरं जास्त पगारावर उचलली आणि आमच्या निम्म्या दरात लेख द्यायला सुरुवात केली. निम्म्या दरात कसं परवडतं? लेख लिहीतच नव्हते. स्पिनर नावाचं सॉफ्टवेअर असतं. महिरपी कंसात एकाच अर्थाचे चार-चार शब्द उभ्या रेघा मारून भरायचे आणि बटण दाबायचं. एका लेखाचे पन्नास लेख बाहेर पडतात. आमचाच व्हॉल्व्हचा इंग्रजी लेख त्यांनी त्या चरकात घातला. बॉल व्हॉल्व्हचा ‘स्फिअर व्हॉल्व्ह’ झाला आणि गेट व्हॉल्व्हचा ‘डोअरवे व्हॉल्व्ह’. शेठना प्रिंट दाखवली तेव्हा त्या माणसाला चहाचा घोट घशाखाली उतरवता येईना, इतके हसले. मला हसू आलं नव्हतं. वर दर ओळीला गिऱ्हाइकाचा शब्द कोंबलेला : ‘स्वस्त छप्परदुरुस्ती हवी असेल तर स्वस्त छप्परदुरुस्ती करणाऱ्या स्वस्त छप्परदुरुस्तीवाल्याकडे जा.’ असलं वाचून कोण फोन करणार? पण मध्यस्थाला वाचायचं नव्हतं, मोजायचं होतं. त्याने आमचा दर पाडायला लावला.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलचा पांडा आला, म्हणजे शोधात कोणती साइट वर दाखवायची ते ठरवण्याच्या पद्धतीतला बदल. हे नाव प्राण्यावरून नाही, तिथल्या एका अभियंत्यावरून पडलंय. भुक्कड मजकुराच्या साइटी खाली ढकलायच्या, हा त्याचा उद्देश. गूगलनेच सांगितलं की अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर परिणाम झाला. लेखांच्या डिरेक्टऱ्या एकदम गाळात गेल्या. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, पेंग्विन नावाचा तसाच दुसरा बदल आला आणि त्याने खोट्या लिंकांचा बाजार उठवला. तत्त्वतः गूगलने केलं ते बरोबरच होतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण डिरेक्टरी बुडाली तेव्हा तिच्यावरचा चांगला लेखही बुडाला. सुक्याबरोबर ओलंही जळालं. स्पिनरवाल्यांची पापं आणि आमची मेहनत एकाच मापात.

मध्यस्थाने काम थांबवलं. काम थांबवलं ते एकवेळ समजू शकतो, पण झालेल्या कामाचे पैसेही अडकवले. आज देतो, उद्या देतो, मग मेलला उत्तर बंद. अमेरिकेतल्या माणसावर बडोद्यात बसून काय दावा लावणार? वकिलाची फी बाकीपेक्षा जास्त. गाळ्याचे हप्ते चालूच. पोरांना एकेक करून सांगावं लागलं. भागीदार म्हणाला, ‘मला आता झेपत नाही रे,’ आणि त्याचं बरोबर होतं, घरी दोन लहान मुली होत्या. त्याचा हिस्सा हप्त्याहप्त्याने चुकता केला, शेवटचा हप्ता देताना त्याने पावतीही मागितली नाही. आमच्यात कडवटपणा नाही. अलकापुरीवाले मात्र टिकले, कारण त्यांनी त्याच आठवड्यात पाटी बदलली : ‘शंभर टक्के ओरिजिनल कंटेंट’. आमचीच दोन पोरं आत बसून आमच्याच पद्धतीने लिहायला लागली!

त्या उन्हाळ्यात शेठ स्वतः जिना चढून आले. गुडघे दुखायचे त्यांचे. टेबलावर चेक ठेवला, वर्षभराचा आगाऊ. दर महिन्याला एक लेख, तक्रारीच्या वहीतून, तिन्ही भाषांत. म्हणाले, ‘हे उपकार नाहीत, मला ग्लोब व्हॉल्व्ह विकायचेत.’ त्या लेखांवर फर्म उभी राहिली. त्यांच्या शेजारच्या शेडवाल्याने विचारलं, त्याच्या मेहुण्याने विचारलं, असं करत मकरपुऱ्याहून पोर गावापर्यंत गेलो. पुढची दहाएक वर्षं बरी गेली. नोटाबंदी, जीएसटी सगळ्यांनाच होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यामुळे आम्ही मोठी गिऱ्हाइकं सोडलीत. औषधवाले येतात, ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहा म्हणतात. १९५४ चा कायदा आहे, औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा. मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग, उंची वाढवणं, ही नावं त्याच्या यादीत आहेत आणि त्यांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही. लेखाच्या वेषात केली तरी ती जाहिरातच. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तर फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड ठेवलाय, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ‘सुरतच्या एका समाधानी ग्राहकाचे मत’ असं घरी बसून लिहिणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. खरा ग्राहक असेल तर त्याची परवानगी घ्या, त्याचं नाव आणि त्याने काय घेतलं ते लिहा. नसेल तर ती जागा कोरी सोडा. आणि पैसे देऊन पेपरात छापून आणलेल्या लेखावर ‘जाहिरात’ असं लिहायला लाजू नका. वाचकाला ते तसंही कळतं, राग येतो तो लपवल्याचा.

अलकापुरीवाले आता व्याख्यानं देतात, ‘धंद्यासाठी लेख लिहिताना टाळायच्या चुका’ या विषयावर. आमचा एक गिऱ्हाईक जाऊन आला. फी भरून. पडद्यावर उदाहरण म्हणून गेट व्हॉल्व्हचा लेख होता म्हणे, आकृतीसकट, खाली कोणाचं नाव नाही. आकृतीत हँडव्हीलला पाच आरे आहेत. शेठच्या चाकाचं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, तसंच होतं, ते दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

असो. लेख हवा असेल तर गिऱ्हाइकांनी येताना कॅटलॉग आणू नये. वर्षभरात फोनवर लोकांनी जे विचारलं ते कच्चं लिहून आणावं, वही नसेल तर फोन उचलणाऱ्या मुलीलाच सोबत आणावं. पहिला मसुदा आठवड्यात मिळतो, दुरुस्ती दोनदा करून देतो, विशेषणं वाढवण्याची दुरुस्ती धरत नाही. अर्धे पैसे आधी.