तुम्ही विचारलंत म्हणून: साबुदाणा नव्हता तेव्हा उपासाला काय खायचे?

खाण्याच्या इतिहासावर कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हात वर करतंच. "साबुदाणा बाहेरचा, बटाटा बाहेरचा, असं तुम्ही म्हणता. मग आपले पूर्वज एकादशीला खायचे तरी काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी राग. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ताटाची झडती घेऊ. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणाही त्याच खंडातला. मिरची, रताळं, लाल भोपळा हेही अमेरिकेचेच. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यानंतर ही मंडळी एकेक करून आपल्याकडे आली, काही लवकर, काही बरीच उशिरा. आजच्या खिचडीतून एवढं वजा केलं की उरतं तूप, जिरं आणि मीठ.

राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या गोड पाकात मळून देवांच्या मूर्ती करत, आणि पूजा झाली की त्या मोडून सगळ्यांना वाटत. स्पॅनिश पाद्र्यांना हा प्रकार आपल्या धर्मविधीची टवाळी वाटली, त्यांनी तो बंद पाडला. आपण एकादशीला राजगिऱ्याचा लाडू खातो त्याला हा असा शेजार आहे, आणि मला तो फार आवडतो.

साबुदाणा तर या पंगतीत सगळ्यात शेवटी बसलेला. पूर्वी तो मलायाकडून बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटली आणि तामिळनाडूत सेलमच्या आसपास 1940 च्या दशकात कारखाने उभे राहिले. कंद धुऊन, सोलून, किसून त्याचं दूध गाळायचं. टाकीत सत्त्व खाली बसलं की ते ओलसर असतानाच हलवून हलवून त्याचे दाणे करायचे, तापल्या तव्यावर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. त्या भाजण्यात दाण्याचं वरचं आवरण अर्धवट शिजतं. खिचडी मोकळी होणार की गोळा, हे आपण भिजवताना पाणी किती घालतो यावर ठरतं, त्याचं मूळ इथे आहे. आणि हा दाणा संपवण्यात महाराष्ट्र कायम पुढे.

मग ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या वारकऱ्यासमोर काय असेल? वरी, शिंगाडा, सुरण, रानातले कंद, केळी, खजूर, दूध, तीळ, गूळ. तिखटपणा हवाच असेल तर मिरी किंवा आलं. यादी वाटते तितकी गरीब नाही. सुरणाचे तुपावर परतलेले काप आणि वर मिरपूड, एवढ्यावर मी खिचडी विसरायला तयार आहे.

या यादीमागे नियमही होता. व्रत कशाने मोडत नाही, अशा आठ गोष्टी सांगणारा एक जुना श्लोक आहे: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. यातलं 'मूळ' बघा. माझ्या मते परदेशी कंदांना आपल्या उपासात शिरायला हेच दार उघडं होतं. रताळं जमिनीतून निघतं, बटाटा जमिनीतून निघतो. घरातल्या मोठ्या बाईने तो सुरणाच्या शेजारी ठेवला आणि विषय मिटला. कुणा धर्मसभेने ठराव केला असेल असं मला वाटत नाही.

हविष्य म्हणजे होमात चालणारं अन्न. ते म्हटल्यावर मात्र श्रोते चपापतात, कारण त्यात जव, तांदूळ, मूग अशी चक्क धान्यं येतात. एकादशीला धान्य वर्ज्य, पण सगळी व्रतं म्हणजे एकादशी नव्हे. काहींना एकदाच जेवायचं, काहींना फक्त रात्री. धान्यफराळ आजही काही घरांत होतो: तांदूळ किंवा मूगडाळ आधी कोरडी भाजून घ्यायची आणि मग शिजवायची, की ती फराळाला चालते. शहरात हे सांगितलं की लोक मला खोटं पाडायला निघतात. घरातल्या सत्तरीपुढच्या बाईला विचारा, एवढंच मी म्हणते.

ऋषिपंचमीची भाजी हा तर जिवंत पुरावाच. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, माठ, सुरण, पडवळ, दोडका एकत्र शिजतं. नांगराआधीच्या काळाची आठवण म्हणतात ती हीच. आणि त्याच पातेल्यात मक्याच्या कणसाचे तुकडे आणि लाल भोपळा असतो, दोन्ही अमेरिकेचे! त्यांना बाजूला काढा असं मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

आणखी एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: पूर्वीचे लोक कसे कडक उपास करायचे, आता नुसतं एकादशी आणि दुप्पट खाशी. निर्जळी करणारे होतेच, आजही आहेत. पण चातुर्मास कुठे येतो ते पाहा. आषाढ-श्रावणात मागच्या हंगामाची कणगी तळाला गेलेली आणि खरीप अजून शेतात उभा. ज्याच्या घरी दाणा नाही त्याने रानातून कंद खणून आणला, तर त्याला व्रत म्हणायचं की उपासमार? पोथ्या लिहिणाऱ्यांची पोटं बहुधा भरलेली होती. गरिबाचा श्रावण त्यांनी लिहिला नाही, म्हणून आपल्याला सगळा भूतकाळ सात्त्विक दिसतो.

वरीचंच घ्या. अकोले, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर आदिवासी शेतकरी ती पिढ्यान् पिढ्या पिकवत आलेत. नांगर चालत नाही अशा चढावरही ती येते. दाण्याचं टरफल चिवट, उखळात कांडून कांडून हात भरून यायचे. तिथे वरईचा भात हे रोजचं जेवण. आमटीशी खायचा, पोटभर. आषाढी जवळ आली की तीच वरई शहरातल्या वाण्याकडे 'उपवासाची भगर' म्हणून पुडीत येते, आणि आपण ती शेंगदाण्याच्या आमटीबरोबर खातो.