ते आजोबा कितव्या नंबरचे?

शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं. 'आठवणी पाचशे शब्दांत, महिनाअखेरपर्यंत.' नंतर बघू म्हणून बाजूला ठेवणार होतो, तेवढ्यात खाली सत्कारमूर्तींच्या यादीत बाईंचं नाव दिसलं. त्याच रात्री लिहायला बसलो. शब्द पाचशेच्या पुढे जाणार हे पहिल्या परिच्छेदातच कळलं होतं. संपादक मंडळाने कात्री लावायचीच असेल तर ती बाईंच्या भागाला लावू नये, एवढी विनंती.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या वेळच्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं की जिन्याखालची ती अरुंद खोली आणि दाराला टाचणीने लावलेला 'इंटरॅक्ट क्लब' हा कागद आठवेल. शाळेत इतरही चांगले शिक्षक होते. त्यांच्याबद्दल कुणी ना कुणी लिहीलच.

नंतरच्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. रोटरी ही समाजसेवा करणारी जगभरची संघटना, तिने शाळकरी मुलांसाठी काढलेला क्लब म्हणजे इंटरॅक्ट. वय बारा ते अठरा. पहिला क्लब १९६२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न इथल्या हायस्कुलात निघाला. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते कोलकात्याचे नीतीश लाहरी, त्या पदावर बसलेले पहिले आशियाई. हे सगळं बाई पदग्रहणाच्या दिवशी तोंडी विचारायच्या. उत्तर नाही आलं तरी पदाची कॉलर, म्हणजे मानाचा पट्टा, गळ्यात पडायची, पण बाईंचा चेहरा उतरायचा. त्यापेक्षा छडी परवडली असती.

वर्षाला दोन उपक्रम करायचेच, असा नियम. एक शाळेसाठी किंवा आसपासच्या लोकांसाठी, दुसरा परदेशातल्या लोकांशी ओळख वाढवणारा. दुसऱ्यात आम्ही एका परदेशी शाळेला पत्रं लिहायचो. उत्तरं यायला आठ-आठ महिने लागायचे, तोवर लिहिणारा वरच्या वर्गात गेलेला असायचा. पहिल्यात मात्र कामच काम. पल्स पोलिओ १९९५ मध्ये देशभर सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. रविवारी बूथवर आम्ही मुलांच्या डाव्या करंगळीला शाई लावायला उभे असायचो. अर्धा डझन पोरं आमच्या अंगावर रडून जायची. रोटरीने पोलिओचं काम १९८५ पासून हाती घेतलेलं होतं, आम्ही त्यातले शेवटच्या फळीतले शाईवाले. पुढे १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मी बँकेच्या काउंटरवर होतो. बातमी वाचून स्वतःच्याच करंगळीकडे बघितलं, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पण मला लिहायचंय ते वक्तृत्व स्पर्धेबद्दल.

रोटरीची शालेय वक्तृत्व स्पर्धा दरवर्षी व्हायची. आमच्या वर्षी विषय होता फोर-वे टेस्ट, म्हणजे बाईंच्या भाषेत 'चार प्रश्न'. आपण जे बोलतो, करतो ते सत्य आहे का? सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? त्यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सर्व संबंधितांच्या हिताचं आहे का? हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी हे प्रश्न १९३२ मध्ये शिकागोत लिहिले. अॅल्युमिनियमची भांडी विकणारी एक कंपनी बुडायला आली होती, ती सावरायचं काम त्यांच्याकडे होतं. मूळ इंग्रजीत सगळे मिळून चोवीस शब्द. बाईंनी आम्हाला मराठी भाषांतर चोवीस शब्दांत करायला लावलं होतं आणि कुणालाही जमलं नव्हतं. आमच्यापैकी एकाने 'सर्व संबंधितांना' ऐवजी 'सगळ्यांना' लिहिलं. बाई म्हणाल्या, "तू वकील होणार नाहीस." आता तो वकील आहे.

टेलर यांच्या गोष्टीतला एक तपशील बाईंना फार आवडायचा. पहिला प्रश्न त्यांनी स्वतःच्याच कंपनीच्या जाहिरातींना लावला आणि सर्वोत्तम, सर्वश्रेष्ठ असले शब्द जाहिरातीतून काढून टाकले. बाईंनी तेच आमच्या भाषणांना लावलं. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अद्वितीय' तीनदा आणि 'देदीप्यमान' एकदा होतं. चारही शब्दांवर लाल रेघ. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' यावरही रेघ. शेजारी बारीक अक्षरात: 'बारा सेकंद गेले.' भाषण पाच मिनिटांचं, चार मिनिटांनी पहिली घंटा.

तालीम पाण्याच्या टाकीजवळ. बाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. हातवारे त्यांना बघायचेच नसत. ऐकू आलं नाही की डावा हात वर, भरभर झालं की उजवा. एकदा दोन्ही हात वर गेले. मी थांबलो, तर त्या शांतपणे केसांत पिन खोचत होत्या.

स्पर्धेच्या महिनाभर आधी आमच्या क्लबने नेत्रतपासणी शिबिर घेतलं होतं. मी सचिव, म्हणून नावनोंदणी माझ्याकडे. वहीत नाव, वय, क्रमांक लिहायचा आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून पिनेने खांद्याला लावायचा. डॉक्टर चित्रकलेच्या वर्गात. ज्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते ते बाकांवर डोळे मिटून रांगेने बसलेले. एरवी ज्या वर्गात क्षणभर शांतता नसायची तिथे असे चाळीस जण मिटल्या डोळ्यांनी बसलेले बघून मला कसंतरी झालं होतं.

माझा एक काढताना वरचा गोळा नेहमी जरा फुगायचा. एक आहे की नऊ, ते गणिताच्या पेपरातही कळायचं नाही. सकाळी शाळेचं फाटक उघडायच्या आधीपासून एक आजी येऊन बसल्या होत्या. त्यांना मी अकरा नंबर दिला. पुकारणाऱ्या मुलाने चिठ्ठी वाचून त्यांना सांगितलं, "आजी, एक्क्याण्णव. अजून खूप वेळ आहे, सावलीत बसा." आजी बसल्या. अकरा नंबर पुकारला तेव्हा कुणी उठलं नाही, पुढचा बोलावला. दुपारी खरा एक्क्याण्णव आला, आत गेला, बाहेर आला. आजी बसूनच. डॉक्टर हात धुवायला उठले तेव्हा आजींनी कुणाला तरी विचारलं, "माझा नंबर झाला का रे?" दिवसभर घोट घोट पाणी पीत त्या तिथेच होत्या आणि मी समोरून दहादा गेलो होतो.

डॉक्टरांना दुसरीकडे पोचायचं होतं. पुढच्या शिबिराला पहिला नंबर देऊ असं सांगून आजींना पाठवलं. पुढचं शिबिर आमच्या शाळेत झालं नाही.

संध्याकाळी बाईंनी वही आणि चिठ्ठ्या ताडून बघितल्या. ओरडल्या नाहीत. वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "इथून पुढे अंक अक्षरीही लिहायचा." रोटरीला पाठवायच्या अहवालात मी 'तपासलेले रुग्ण ११२' लिहून सही करणार, तर त्यांनी खाली एक ओळ घालायला लावली: 'नोंदणीतील चुकीमुळे एक रुग्ण तपासणीविना परत.' कुणाला कळणार होतं ते? मी तसं म्हटलंही. बाई खिडकी बंद करत होत्या, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता स्पर्धा. भाषण तयार होतं, बाईंनी मंजूर केलेलं, चार मिनिटं चाळीस सेकंदांचं. आदल्या रात्री मला ते फारच कोरडं वाटायला लागलं. ना डोळ्यांत पाणी, ना टाळ्या. म्हणून मी त्यात एक आजोबा घातले. आमच्या शिबिरातले आजोबा. त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटते, समोर नातू उभा, आणि थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवून ते म्हणतात, 'बाळा, आज मला पहाट दिसली.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश झालो की झोप लागली नाही.

सभागृह भरलेलं. रोटेरियन मंडळी, त्यांच्या पत्नी, सात शाळांची मुलं. बाई तिसऱ्या रांगेत कडेला. मी आजोबांपाशी आलो, आवाज खाली आणला. 'पहाट दिसली' म्हटल्यावर क्षणभर शांतता आणि मग टाळ्या. एक परीक्षक चष्मा पुसत होते. मी बाईंकडे बघायचं टाळलं. दुसरा क्रमांक मिळाला. सत्य आहे का, या प्रश्नावरच्या भाषणाला.

परत येताना बाई हवापाण्याबद्दल बोलल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत मी ढाल ठेवायला जिन्याखालच्या खोलीत गेलो. त्या टाचण्या डबीत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते आजोबा कितव्या नंबरचे?"

मी म्हटलं, "आठवत नाही, बाई."

"वहीत बघून सांग."

बस्स. आमच्या शिबिरात फक्त तपासणी झाली होती. ऑपरेशन एकही नाही, त्यामुळे पट्टी कुणाच्या डोळ्यांवर असणार? हे मला सोमवारी कळलं, त्यांना तिसऱ्या रांगेतच कळलं असणार. मी वहीत बघायला गेलो नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेला मलाच पाठवलं, पुन्हा तशाच पाठ करून उभ्या राहिल्या, पुन्हा शब्दांवर रेघा मारल्या. त्या वर्षी बक्षीस मिळालं नाही. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःची पेन्सिल दिली. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मी आता एका बँकेत शाखाधिकारी आहे. रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही जुळल्याशिवाय धनादेश पुढे जात नाही आणि नवीन मुलांना हे सांगताना माझा आवाज थोडा जास्तच चढतो म्हणे. मध्यंतरी एक वर्ष रोटरी क्लबचा अध्यक्षही होतो. बाई कधीच रोटेरियन नव्हत्या. रोटरीने बायकांना सभासदत्वच १९८९ मध्ये खुलं केलं आणि नंतरही त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. सगळं काम त्यांचं, व्यासपीठावर खुर्ची दुसऱ्यांची. २०२२-२३ साली जेनिफर जोन्स पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या, तेव्हा क्लबच्या सभेत मी बाईंबद्दल दहा मिनिटं बोललो. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं.

अध्यक्ष झाल्यापासून स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बोलावतात. आताची मुलं आमच्यापेक्षा सफाईदार बोलतात, अडखळत नाहीत, माइकची भीती नाही. पण बहुतेकांची भाषणं शिकवणीतून आलेली. सुरुवातीला एक प्रश्न, मग ठरलेला विराम, मग एक अनाथ मुलगी किंवा एक सैनिक. गेल्या वेळी एक मुलगी प्राथमिक फेरीत ज्या वाक्यावर रडली, अंतिम फेरीत बरोबर त्याच वाक्यावर रडली. शेजारचे परीक्षक माझ्याकडे वळून हसले. मी सादरीकरणाला दहापैकी सात दिले आणि शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला. मी कोणत्या तोंडाने काय लिहिणार होतो?

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. क्लब सुरू आहे, फलकही छान छापील आहे. जिन्याखालच्या खोलीत आता संगणकाच्या वायरी आणि कुलूप. पाण्याची टाकी काढली, तिथे सायकली लावतात. व्हरांड्याच्या टोकाला जरा वेळ पाठ करून उभा राहिलो. शिपायाने विचारलं, कोण हवंय.

शिबिराची वही माझ्याकडेच राहिली होती. सचिवाने पुढच्या सचिवाला द्यायची असते, मी दिली नाही. काल माळ्यावरून काढली. पुठ्ठा सुटलाय, पानं शाबूत आहेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेलो.

बाई, वहीत बघितलं. ते आजोबा कोणत्याच नंबरला नाहीत. क्रमांक ११ वर आजींचं नाव आहे, वय सत्तर, शेरा कोरा. त्याच्यापुढे काल मी पेन्सिलने लिहिलं आहे, अक्षरी अकरा. सत्काराच्या दिवशी वही घेऊन येतो.