भुऱ्या, चिंगी आणि मधलं बेबी गेट (दिवस ० ते ६०)

मंडळी, लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, कारण रात्री झोप नाही आणि दिवसा हातात सतत फडकं. वहीत जमेल तसं खरडत होते ते आता थोडं साफ करून टाकतेय.

आधी आमच्या कुत्र्याबद्दल, भुऱ्याबद्दल. साडेचार वर्षांचा, न्यूटर (म्हणजे नसबंदी) केलेला, २२ किलो, एकदम गरीब स्वभाव. प्रॉब्लेम एकच, आम्ही घराबाहेर पडलो की रडायचा. कॅमेरा लावून बघितलं तर पहिला अर्धा तास दाराशी उभा राहून हूंऽऽ हूंऽऽ, मग तिथेच पसरायचा आणि आम्ही येईपर्यंत पाण्यालाही तोंड लावायचा नाही. घरात सगळ्यांचं एकमत झालं की बिचारा एकटा पडतो, त्याला सोबत आणू. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याचाच घोळ आहे.

पिल्लांना घर मिळेपर्यंत फॉस्टर करणाऱ्या, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, दोन बहिणी आहेत, दोन्ही न्या ना, जोडी छान राहील. मोह झाला पण नाही म्हटलं. एका वयाची दोन पिल्लं एकत्र वाढली की पुष्कळदा एकमेकींतच इतकी गुंततात की माणसाकडे बघतही नाहीत, आणि दोघींना वेगवेगळं शिकवायचं म्हणजे डबल काम. एकच घेतली. चिंगी, ९ आठवड्यांची, पहिली लस झालेली, जंताचं औषध दिलेलं.

दिवस ०

पहिली भेट घरात करायची नाही हे पक्कं होतं, कारण घर भुऱ्याचं. पण बागेतही नेता येईना. चिंगीच्या लसी अपुऱ्या आणि पार्व्होचा (पिल्लांच्या जिवावर बेतणारा आजार) विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. शेवटी मैत्रिणीच्या बंदिस्त अंगणात भेटवलं, तिथे तिच्या लसी पूर्ण झालेल्या कुत्रीशिवाय कुणी येत नाही, आणि त्या दिवशी तिला आत ठेवलेलं. आदल्या दोन रात्री चिंगीच्या अंथरुणाचं फडकं भुऱ्याजवळ ठेवलं होतं, त्यामुळे वास ओळखीचा. दोघांना सैल लीशवर लांबून फिरवत हळूहळू जवळ आणलं. भुऱ्याने तिला मोजून तीन सेकंद हुंगलं आणि तोंड फिरवून कोपऱ्यातली कुंडी हुंगायला गेला.

मी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. मला वाटलेलं शेपूट हलवेल, चाटेल, फोटो काढू. नंतर व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, म्हणाले, तोंड फिरवून गेला ना, उत्तम, म्हणजे त्याला भांडणही नको आणि घाईही नको.

दिवस १ ते ५

सगळं शी-शू, दुसरं काही नाही. ठोकताळा असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकतं. म्हणजे चिंगी रात्री फार तर तीन तास, आणि दिवसा झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की, लगेच बाहेर. रात्री १२, ३, ६ चे अलार्म. तिसऱ्या रात्री तर अलार्म बंद केला आणि चिंगीऐवजी भुऱ्यालाच उचलून बाहेर न्यायला लागले, २२ किलो, अर्ध्या वाटेत कळलं.

आणि पाचव्या दिवशी भुऱ्या, जो चार वर्षांत घरात एकदाही मुतला नाही, शांतपणे चालत आला आणि चिंगीच्या अंथरुणावर पाय वर. माझ्या डोळ्यात बघून. युरिनची तपासणी नॉर्मल आली, म्हणजे तब्येतीचं काही नव्हतं, निषेध म्हणा. एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसलं, अमोनिया असलेलं काही वापरू नका, कुत्र्यांना तो मुताचाच वास वाटतो.

दिवस ९, माझी चूक

ही नीट सांगते, कारण हीच सगळ्यात महागात पडली असती.

भुऱ्या खालच्या गादीवर दोरीचा गोळा पुढ्यात घेऊन पडलेला. चिंगी दुडदुडत आली. भुऱ्याचं शरीर आधी थिजलं, श्वास थांबल्यासारखा, मान गोळ्यावर खाली, आणि डोळे तिच्याकडे वळले पण मान वळली नाही, त्यामुळे डोळ्याची पांढरी कोर दिसायला लागली. चिंगीला काय कळतंय, आली पुढे. मग खालच्या पट्टीत गुर्रर्र. आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, भुऱ्या! गप! शहाणा ना तू?

तो गप्प झाला. मला वाटलं समजला. दोन दिवसांनी तोच प्रसंग, तोच गोळा, यावेळी गुरगुर नाहीच, सरळ तिच्या नाकापासून दोन बोटांवर दात आपटले. खट्ट असा आवाज झाला. चिंगी किंचाळत टेबलाखाली. लागलं कुठेच नाही, ज्याने हवेत दात आपटले त्याला चावायचं असतं तर तो चुकला नसता. पण माझे हातपाय गार पडले.

गुरगुरणं म्हणजे त्याचं "पुरे, लांब हो" होतं. मी ओरडून तेवढंच बंद केलं, त्रास तसाच ठेवला. मग त्याने मधली पायरी गाळली. त्या दिवसापासून नियम: गुरगुरला तर त्याला ओरडायचं नाही, चिंगीला उचलून बाजूला न्यायचं आणि तो शरीर थिजवायच्या आधीच मधे पडायचं. गोळे, हाडं, चघळायच्या वस्तू दोघं एकत्र असताना जमिनीवर ठेवायच्याच नाहीत. आणि दिवाणखान्याच्या दारात बेबी गेट, लहान मुलांसाठी लावतात ते बुटकं फाटक.

बेबी गेटवर मी वेगळी पोस्ट लिहू शकते इतकं प्रेम आहे. भुऱ्या उडी मारून पलीकडे जातो, चिंगी जाऊ शकत नाही. बास, त्याला स्वतःचा देश मिळाला. पहिल्या आठवड्यात दिवसातले निम्मे तास तो गेटपलीकडेच होता, मग आपणहून यायला लागला.

दिवस १४ ते २८

खाणं पूर्ण वेगळं. चिंगीला दिवसातून चार वेळा क्रेटमध्ये (तिच्या झोपायच्या पिंजऱ्यात), भुऱ्याला दोन वेळा गेटपलीकडे. पिल्लांच्या खाण्यात कॅलरी जास्त असतात आणि हा तिची उष्टी वाटी चाटून साफ करायचा, चार आठवड्यांनी वजन केलं तर ८०० ग्रॅम वाढलेलं. आता वाटी लगेच उचलते.

झोप हा दुसरा शोध. संध्याकाळी सात वाजले की चिंगीच्या अंगात यायचं, भुऱ्याच्या कानाला, शेपटीला, गालाच्या कातडीला लटकायची. दुधाचे दात २८ आणि प्रत्येक सुईसारखा. मला वाटायचं एनर्जी जास्त आहे, अजून खेळवू. उलट होतं! पिल्लाला दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते आणि ही भुऱ्याच्या मागे मागे करत झोपतच नव्हती. साडेसहाला क्रेट, वरून चादर, पाच मिनिटं कुरकुर आणि मग घोरणं. भुऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव असायचा तो फ्रेम करण्यासारखा.

बाहेरचं जग मात्र थांबवलं नाही. वयाच्या १२-१४ आठवड्यांपर्यंत जे दिसेल-ऐकेल ते पिल्लांना पुढे आयुष्यभर नॉर्मल वाटतं, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन फिरवली, गाड्या, छत्र्या, लहान मुलं, शिट्ट्या. खांदा गेला माझा.

दिवस ३१

कॅमेरा परत लावला. दोघांना घरी ठेवून तासभर बाहेर गेलो, चिंगी क्रेटमध्ये, भुऱ्या मोकळा. मोठ्या आशेने रेकॉर्डिंग बघितलं.

भुऱ्या दाराशी. हूंऽऽ. तसाच. चिंगी मागे पोट वर करून गाढ झोपलेली.

म्हणजे मंडळी, त्याला कुत्र्याची सोबत नकोच होती, आमची हवी होती. एवढं साधं आधी कळायला हवं होतं. आता त्याच्यासाठी वेगळं ट्रेनिंग सुरू केलंय, चपला घालायच्या आणि परत बसायचं, दार उघडायचं आणि बंद करायचं, मग ३० सेकंद बाहेर, मग एक मिनिट, तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. काल ११ मिनिटांवर पोचलो. कंटाळवाणं आहे, पण काम करतंय. कुणी फक्त या कारणासाठी दुसरं पिल्लू आणणार असेल तर आधी हे करून बघा, पिल्लू कुठे पळून जात नाही.

दिवस ३८

सकाळी गेटच्या अलीकडे भुऱ्याने पुढचे पाय जमिनीवर पसरले, बूड वर, आणि फूं करून शिंकला. म्हणजे कुत्र्यांच्या भाषेत "चल, खेळू". चिंगी गोंधळून बसलीच. मग तो चक्क आडवा पडला, आपलं २२ किलोचं धूड जमिनीवर टाकून तिला वरून चढू दिलं. मी चहा गार होईपर्यंत बघत बसले.

पण लगेच विश्वास ठेवला नाही हं. खेळ जोरात आला की चिंगीला दोन सेकंद धरून ठेवते. भुऱ्या परत तिच्याकडे आला तर खेळ चालू, अंग झटकून निघून गेला तर खेळ संपला. दहातून सात-आठ वेळा परत येतो.

दिवस ४५ ते ६०

नवीन डोकेदुखी. "चिंगी ये" म्हटलं की ती आधी भुऱ्याकडे बघते, तो उठला तर येते, नाही तर नाही. म्हणून आता तिचं फिरणं, शिकवणं, रोज थोडा वेळ भुऱ्याशिवाय. भुऱ्याचंही एक फिरणं फक्त माझ्याबरोबर, त्यात तो प्रत्येक खांब पूर्वीसारखा सावकाश वाचतो. सोळाव्या आठवड्यानंतरची लस झाली, आता दोघांना बरोबर बाहेर नेणं सुरू करतेय. स्पेचं (तिच्या नसबंदीचं) कधी करायचं ते व्हेटशी बोलायचंय, कुणाचा अनुभव असेल तर लिहा.

काल रात्री भुऱ्याचा ब्रश करताना मानेच्या केसांत काहीतरी टोचलं. गोचीड समजून दचकले, उजेडात धरलं तर तांदळाएवढा दात. चिंगीचा पुढचा. डबीत ठेवलाय.