आधी विचारतो, मग शिकवतो: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. मोजकी माणसं, दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावून केलेला रेकॉर्डिंगचा कोपरा. आम्ही मोठ्या माणसांसाठी मोबाईलवर चालणारे कोर्स तयार करतो. आमचे शिकणारे म्हणजे फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचे करणारे मोल्डर, दूध संस्थांचे सेक्रेटरी, पतसंस्थांचे कर्मचारी, बचत गटातल्या महिला. शाळा-कॉलेजचं काम आम्ही घेत नाही, कारण ते शास्त्र वेगळं आहे. मोठ्या माणसाला शिकवताना धडा विषयापासून सुरू करून चालत नाही, त्याच्या कामातल्या अडचणीपासून सुरू करावा लागतो. आणि उत्तर सांगण्याआधी त्याला विचारावं लागतं. आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती उभं राहिलं आहे.

हे काम सुरू करण्याआधी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ट्रेनिंगचं बघत होते. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं. कारखाने हळूहळू सुरू झाले तेव्हा ट्रेनिंग हॉलमध्ये माणसं दाटीनं बसवता येत नव्हती, त्यामुळे जो तो म्हणायला लागला, मोबाईलवर पाठवा. 2016 मध्ये जिओ आल्यापासून नेट स्वस्त झालं होतं, शॉप फ्लोअरवर जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन होता. पण पाठवलं काय जात होतं? हॉलमधलंच सगळं: पन्नास-साठ स्लाइडची पीडीएफ आणि तासाभराचं रेकॉर्डिंग. दिवसभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस रात्री घरी जाऊन ते कशाला बघेल? इथे करण्यासारखं खूप काम आहे असं वाटलं आणि मी नोकरी सोडली. चित्रनगरीत कॅमेऱ्याचं काम करणारा माझा एक मित्र सोबत आला. ऑफिस, कर्ज, जीएसटी हे सगळं ज्याच्या त्याच्या वाट्याला येतं तसं आमच्याही आलं; त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

पहिला कोर्स वाळूचा होता. ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओतकामाचा साचा ग्रीन सँडचा करतात. त्यात वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं. पाणी साधारण तीन-चार टक्के. ते जास्त झालं तर वितळलेला धातू आत गेल्यावर वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, ब्लो होल (पोकळ्या) येतात. कमी झालं तर साचा चुरतो आणि वाळूचे कण कास्टिंगमध्ये अडकतात. दोन्हीकडून रिजेक्शन, म्हणजे माल बाद. कंपनीनं आम्हाला दिलेला मजकूर मात्र ‘ग्रीन सँडची व्याख्या’ इथून सुरू होत होता. ज्या मामांनी उभं आयुष्य वाळूत काढलं, त्यांना व्याख्या कशाला सांगायची?

आम्ही मोल्डिंग सेक्शनमध्ये जाऊन उभे राहिलो. तिथे एक ज्येष्ठ मोल्डर वाळू मुठीत घट्ट दाबायचे, गोळा मधोमध मोडायचे आणि मोडलेली कड बघून सांगायचे की वाळू जमली का नाही. मी विचारलं, “मामा, नवीन पोरं कुठं अडतात?”

ते म्हणाले, “सकाळी नाही अडत कुणी. दुपारी अडत्यात. वाळू गरम होऊन माघारी येती, कोरडी वाटती, मग पोरगं पाणी मारतंय.”

कोर्सचा पहिला स्क्रीन त्यातूनच तयार झाला. त्यावर तळहातावरच्या गोळ्याचा फोटो आणि खाली एवढाच मजकूर: ‘दुपारची शिफ्ट. परत आलेली वाळू हाताला गरम लागते. गोळा मोडला तर कडा चुरतात. तुम्ही काय कराल?’ उत्तरं तीन: पाणी वाढवायचं, मिक्सिंगचा वेळ वाढवायचा, की आधी वाळू गार होऊ द्यायची. तिन्ही उत्तरं खरी वाटतात, कारण शॉप फ्लोअरवर तिन्ही केली जातात. पाणी वाढवलं की पुढचा स्क्रीन दाखवतो की गरम वाळूतलं पाणी साचा बंद होईपर्यंत उडून जातं, उडालेली वाफ थंड पॅटर्नवर (ज्यावर वाळू दाबून साचा करतात त्या नमुन्यावर) ओल धरते आणि वाळू पॅटर्नला चिकटायला लागते. मग मामांच्याच आवाजातली मिनिटभराची व्हॉइस नोट येते. टक्केवारी, बेंटोनाइटचं काम, तपासणीचे आकडे हे सगळं कोर्समध्ये आहे, पण त्यानंतर. निर्णय घेऊन झाला की माणसाला कारण हवं असतं. तोवर त्याला कारणाची गरजच वाटत नाही.

अमेरिकेतले माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिकण्याबद्दल बरंच लिहून ठेवलंय. आपण हे का शिकतोय ते मोठ्या माणसाला आधी कळावं लागतं, त्याच्या गाठीला अनुभव असतो, आणि आजच्या कामाला लागेल तेच तो मनापासून शिकतो, असं ते मांडतात. उद्यमनगरात तीन पिढ्या मेस्त्रीच्या शेजारी उभं राहून लेथ शिकलेल्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. पण कोर्स लिहायला बसलं की शाळेची सवय वर येते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: कोर्स लिहिणाऱ्यानं आधी ते काम चालतं तिथे जाऊन बघायचं, आणि ‘लोक नेमकं कुठे अडतात’ याची यादी हातात आल्याशिवाय एकही स्क्रीन लिहायचा नाही. यात वेळ जातो, ग्राहकाला तो पैशात दिसतो. तरीही हे आम्ही सोडत नाही.

व्हिडिओची लांबी हा आमच्याकडे दर वेळी वादाचा विषय होतो. साहेबांना वाटतं, अर्धा तासाचा व्हिडिओ म्हणजे भरपूर माल मिळाला. 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या कोर्समधली सुमारे 69 लाख वेळची व्हिडिओ-पाहणी तपासली गेली होती. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते, आणि ती माणसं स्वतःहून कोर्सला आलेली होती. आम्ही तीन-चार मिनिटांवर थांबतो, कारण चहाच्या सुट्टीत तेवढंच बघून होतं. एका व्हिडिओत एकच काम दाखवायचं. फोन माणूस उभा धरतो, म्हणून चित्रीकरणही उभंच करायचं.

प्रश्नांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ऑनलाइन कोर्समध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच होतं. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा, साठ टक्के मिळाले की पास, एवढंच बहुतेक ठिकाणी असतं. आमच्यासाठी प्रश्न हीच शिकवण्याची रीत आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून आमचा कोर्स संपला तरी प्रश्न संपत नाहीत. दोन दिवसांनी एक, आठवड्यानं एक, मग महिन्यानं एक, असे व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. एकच प्रश्न, एका मिनिटाचा. शिफ्ट सुटल्यावर लोक बसथांब्यावर उभ्या उभ्या उत्तर देतात.

मोठ्या माणसाला हरण्याची भीती मात्र फार असते. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या सुपरवायझरचे गुण त्याच्या हाताखालच्या पोरांना दिसले तर तो पुन्हा कोर्स उघडणार नाही. गुणांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा, चुरस वाढेल, असं एका ग्राहकानं फार आग्रहानं सांगितलं होतं. आम्ही ते काम सोडलं. आमच्या कोर्समध्ये गुण ज्याचे त्यालाच दिसतात, चुकलं तर ‘चूक’ असा लाल शिक्का येत नाही, त्या निर्णयानं पुढे काय झालं असतं ते दिसतं. पुन्हा कितीही वेळा करता येतं.

पडद्यावर किती लिहायचं यावर मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधन प्रसिद्ध आहे: चित्र चालू असताना आवाजात जे सांगताय तेच वाक्य शब्दशः पडद्यावर लिहू नका, लक्ष विभागतं. कॉलेजच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांतून आलेली ही गोष्ट आम्ही बहुतेक ठिकाणी पाळतो. फेटलिंग सेक्शनमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे, मात्र पाळत नाही. तिथे ग्राइंडरच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथल्या लोकांसाठी मजकूर पडद्यावर मोठ्या अक्षरात येतो. शास्त्र वाचावं, पण ते लावताना समोरचा माणूस कुठे उभा आहे ते बघावं.

फौंड्रीनंतर दूध संस्थांचं काम आलं. करवीर, पन्हाळा, कागल भागातली गावं, पहाटे आणि संध्याकाळी दूध संकलन. सेक्रेटरीला मशीन चालवता येतं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) म्हणजे काय तेही माहीत असतं. अडचण वेगळीच असते. शेतकरी काउंटरवर विचारतो, “काल म्हशीची सहा लागली, आज साडेपाच कशी?” मागे रांग उभी, आवाज चढलेले. आमचा कोर्स इथूनच सुरू होतो. शेतकऱ्याचं बोलणं ऐकू येतं आणि सेक्रेटरीनं उत्तर निवडायचं. ‘मशीन सांगतंय, मी काय करू’ हे उत्तर निवडलं की पुढे भांडण वाढतं. ‘दादा, तुमच्यासमोर पुन्हा नमुना घेऊ’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: नमुना घेण्याआधी काय कराल? साय वर येते, त्यामुळे दूध नीट ढवळल्याशिवाय घेतलेल्या नमुन्यात फॅट खरी येत नाही. ढवळण्याची सूचना भिंतीवरच्या तक्त्यावरही असते, पण तक्ता कुणी वाचत नाही. भांडणाच्या ऐन क्षणी ती विचारली की लक्षात राहते.

बचत गटांच्या कोर्सची वेळ आम्ही महिलांनाच विचारून ठरवली. घरात फोन एकच असेल तर तो नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर जातो, आणि रात्री जेवणं आवरल्यावर हाती येतो. म्हणून धडे डाउनलोड करून ठेवता येतात, नेट नसलं तरी चालतात. त्यातला सगळ्यात जास्त बघितला गेलेला धडा यूपीआयच्या फसवणुकीचा आहे. फोन वाजतो, समोरचा म्हणतो, “ताई, तुमचे पापड घ्यायचेत, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” काय कराल? पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो, एवढी एक गोष्ट त्या धड्यात आहे. आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करायचा. एका काकूंनी हा धडा त्यांच्या गल्लीत सगळ्यांना दाखवला. त्याचा मला आजही फार आनंद वाटतो.

डाउनलोडची सोय जुलै 2021 च्या पुरातही कामी आली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, एमआयडीसीत जाता येत नव्हतं. घरी अडकलेल्या लोकांनी त्या दिवसांत साठवलेले धडे पुन्हा बघितल्याचं आम्हाला नंतर कळलं. साखर कारखान्यांच्या बाबतीत उलट करावं लागतं. गळीत हंगामात आम्ही तिथे कोर्स सुरूच करत नाही. तेव्हा माणसाला झोपायला वेळ नसतो, शिकायला कुठून असणार?

कोर्स चांगला झाला हे कसं ठरवायचं, यावर ग्राहकांशी आमचं बोलणं सगळ्यात लांबतं. त्यांना ‘किती जणांनी पूर्ण केला’ हा आकडा हवा असतो. तो आम्ही देतो, पण त्यावर थांबत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, कळलं का, वागण्यात आलं का, आणि कामाला फायदा झाला का. पहिल्या दोन पायऱ्या मोबाईलवर मोजता येतात. तिसरी मोजायला तिथे जावं लागतं. आमच्या प्रत्येक कराराच्या दरात महिन्यानंतरची एक भेट धरलेली असते. आम्ही जाऊन मोल्डिंगच्या जागी उभे राहतो आणि दुपारी गरम वाळू आल्यावर पोरगं काय करतंय ते बघतो. चौथ्या पायरीबद्दल, म्हणजे रिजेक्शन कमी झालं त्यातलं किती कोर्समुळे, यावर आम्ही छातीठोक दावा करत नाही. फौंड्रीत त्याच महिन्यात बेंटोनाइटही बदललेलं असू शकतं.

सध्या सुभाषनगरातल्या चप्पल कारागिरांसाठी काम चालू आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. मागणी ऑनलाइनही येते आहे. कातडं कसं कापायचं, वेणी कशी घालायची हे त्यांना शिकवायची आमची पात्रता नाही. ते अडतात ते किंमत लावताना. कातडं, दोरा, टाच, भाडं सगळं वहीत लिहिलेलं असतं, पण घरात बसून वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी त्यात नसते. म्हणून पहिला स्क्रीन एका जोडाचा फोटो आणि एकच प्रश्न असा ठेवला आहे: ‘या जोडीवर घरातल्या कुणाचे किती तास गेले?’ उत्तर बोलून रेकॉर्ड करायचं, टाइप करायची गरज नाही. पहिले नमुने ऐकले तेव्हा एका ताईंनी तास मोजता मोजता शेजारी बसलेल्या सासूबाईंना विचारलं, “आत्या, तुमचे किती धरू?” आता दुसरा स्क्रीन त्या दोघींबरोबर बसून लिहितोय.